बाथमधलं खरं रोमन कुठलं, आणि ते कसं बघावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबा लंडनला मुलाकडे येतायत, बाबांना इतिहासाची आवड आहे पण गुडघे दुखतात, आणि एक दिवस बाथ शहरातली रोमन स्नानगृहं दाखवायचा विचार आहे. पण कुणीतरी सांगितलंय की तिथलं बांधकाम रोमन नाहीच, व्हिक्टोरियन काळातलं आहे, पाणी हिरवं आणि घाण असतं, शिवाय त्यात उतरूही देत नाहीत. मग एवढं तिकीट काढून जावं का?

जरूर जा, आणि पूर्ण दिवस ठेवा. सांगणाऱ्याने चुकीचं काही सांगितलेलं नाही, पण अर्धंच सांगितलंय. मी बरीच वर्षं शेजारच्या ब्रिस्टलमध्ये राहतो आणि या भागातली प्राचीन स्थळं लोकांना दाखवणं हेच माझं काम आहे. भारतातून आलेली कित्येक कुटुंबं मी या कुंडापाशी नेली आहेत. बहुतेक जण वरच्या गच्चीवर उभे राहतात, पुतळे आणि खांब दिसतील असा फोटो काढतात आणि खाली एक फेरी मारून बाहेर पडतात. त्या फोटोत खरं रोमन जवळजवळ काहीच नसतं.

म्हणून आधी एक खूण सांगतो, ती बाबांनाही सांगून ठेवा. मोठ्या कुंडाभोवतीच्या खांबांचे तळखडे रोमन आहेत, त्यांच्या वरचं सगळं व्हिक्टोरियन. म्हणजे साधारण गुडघ्याच्या उंचीपर्यंतचे दगड अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचे, आणि त्यावरचे गोल खांब, गच्ची, कठडा, रोमन सम्राटांचे आणि ब्रिटनच्या राज्यपालांचे पुतळे हे १८९० च्या दशकातले. जॉन ब्रायडन या वास्तुविशारदाने ते उभारले आणि १८९७ साली कुंड लोकांना खुलं झालं. हे कळल्यावर काही जणांचा चेहरा पडतो. माझा अनुभव असा की नजर एकदा खाली वळली की मग ती तिथून निघत नाही, कारण जमिनीलगत आणि जमिनीखाली जे उरलंय ते युरोपातही फार कमी ठिकाणी इतकं शाबूत आहे.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण हे शहर वसलं ते पाण्यामुळेच. बाथच्या दक्षिणेला मेंडिप नावाच्या चुनखडीच्या टेकड्या आहेत. तिथे हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस चुनखडीच्या भेगांतून खाली झिरपत गेला, सुमारे २,७०० ते ४,३०० मीटर खोल. त्या खोलीवर पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने ते पाणी ६९ ते ९६ अंशांपर्यंत तापतं आणि दाबामुळे खडकातल्या भेगांमधून पुन्हा वर चढतं. इथे ज्वालामुखीचा काही संबंध नाही. आपल्याकडे कोकणात वज्रेश्वरीला किंवा राजापूरला जे गरम पाणी येतं त्याचीही गोष्ट अशीच आहे, खोल गेलेलं पावसाचं पाणी भेगेतून परत आलेलं. बाथमध्ये असे तीन झरे जवळजवळ आहेत. मुख्य झऱ्यातून ४६ अंशांचं पाणी येतं, रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर, आणि त्यात चाळीसहून अधिक खनिजं आहेत. लोहामुळे दगडांवर गडद नारिंगी थर चढलेला दिसतो. कुणाला ते गंज किंवा घाण वाटते, पण तो त्या पाण्याचाच रंग आहे.

रोमन यायच्या आधीही हा झरा पुजला जात होता. त्याची देवी सुलिस. तेव्हा इथे दलदल असणार, मधोमध वाफाळणारं, बुडबुडणारं पाणी. झऱ्याच्या गाळात इथल्या मूळ टोळ्यांची नाणीही सापडली आहेत, म्हणजे पाण्याला दान द्यायची रीत रोमनांनी आणलेली नाही. इसवी सन ४३ मध्ये रोमन सैन्याने ब्रिटनवर स्वारी केली. ६०-६१ मध्ये इथल्याच एका टोळीची राणी बुडिका हिचं बंड झालं आणि ते फार रक्त सांडून दडपलं गेलं. साधारण त्या काळाच्या आगेमागे, ६० ते ७० च्या दशकांत, इथलं देऊळ आणि स्नानगृह बांधायला सुरुवात झाली. रोमनांनी सुलिसला हटवलं नाही. आपल्या मिनर्व्हा देवीशी तिला जोडून सुलिस मिनर्व्हा केलं, आणि गावाचं नाव ठेवलं अ‍ॅक्वी सुलिस, सुलिसचं पाणी. आधी सुलिस, मग मिनर्व्हा, हा नावांचा क्रम मला फार बोलका वाटतो.

आता त्यांनी पाणी कसं बांधलं ते. माझ्या मते बाथचं खरं स्मारक म्हणजे हे काम. चिखलातून उसळणाऱ्या गरम झऱ्याभोवती भिंत घालायची म्हणजे पाया कुठे धरणार? रोमन बांधकाम करणाऱ्यांनी ओकच्या लाकडाच्या मेखा गाळात खोल ठोकल्या, त्या आधारावर झऱ्याभोवती दगडी हौद बांधला आणि त्याला आतून शिशाचे पत्रे लावले. हौदात पाणी साठलं की बरोबर आलेली वाळू तळाशी बसायची, वरचं नितळ पाणी स्नानगृहाकडे वळायचं, आणि गाळ साठला की दार उघडून तो मोठ्या गटारातून काढून टाकायचा. जास्तीचं पाणी त्याच गटारातून पुढे एव्हन नदीला मिळायचं. ते गटार आजही चालू आहे. तेच दगड, तोच उतार, आणि त्यातून आजही गरम पाणी नदीकडे जातंय. स्नानगृह बघायला येणाऱ्या दहा जणांतले नऊ जण त्या वाफाळणाऱ्या कमानीसमोरून न थांबता पुढे जातात. तुम्ही मात्र तिथे थांबा.

मोठं कुंड १.६ मीटर खोल आहे, चारी बाजूंनी पायऱ्या उतरतात, आणि तळाला शिशाचे ४५ पत्रे एकमेकांना जोडून अंथरलेले आहेत. ते पत्रे रोमनांनी घातले तेच आहेत आणि अजून पाणी धरून आहेत. शिसं लांबून आणावं लागलं नाही. मेंडिप टेकड्यांतच शिशाच्या खाणी होत्या आणि स्वारीनंतर सहा वर्षांच्या आत, इसवी सन ४९ मध्ये, रोमन तिथून शिसं काढत होते, कारण त्या सालाचा शिक्का असलेली शिशाची लगड सापडली आहे. ज्या टेकड्यांनी पाणी दिलं, त्यांनीच ते अडवायला धातूही दिला. सफाईसाठी अधूनमधून कुंड रिकामं करतात. नशिबाने तो दिवस गाठलात तर काळसर, थोडा खडबडीत तळ उघडा बघायला मिळेल. एका कोपऱ्यात कुंडात पाणी आणणारी पन्हळ दिसते. काठाच्या फरसबंदीवर मधेच खोलगट झालेले दगड आहेत, ते पावलांनी झिजले आहेत. बाबांच्या गुडघ्यांसाठी एवढंच सांगतो की लिफ्ट आहे, पण हीच फरसबंदी ओली आणि उंचसखल असते. चांगली पकड असलेले बूट घालू द्या आणि तिथे घाई करू नका.

पाणी हिरवं का, हेही याच जागी उभं राहून कळतं. रोमन काळात कुंडावर छप्पर होतं. आधी लाकडी होतं. गरम वाफेत लाकूड किती टिकणार? म्हणून दुसऱ्या शतकात त्यांनी ते काढून अर्धगोल कमानीचं उंच दगड-विटांचं छत घातलं. वजन कमी व्हावं म्हणून त्यात आतून पोकळ अशा चौकोनी नळीसारख्या विटा वापरल्या. त्या छताचा कोसळलेला एक मोठा तुकडा कुंडाच्या बाजूलाच ठेवलाय, त्यातल्या पोकळ्या मोजता येतात. आणि आता पुन्हा तळखड्यांकडे बघा. मूळ खांब सडपातळ होते, दगडी छताचा भार पेलणार नाहीत म्हणून त्यांना बाजूने दगड जोडून जाड केलंय. तो जोड स्पष्ट दिसतो. एका बांधकामावर दोन पिढ्यांनी केलेला विचार असा हाताच्या अंतरावर दिसणं मला दर वेळी नवं वाटतं. छत गेलं, ऊन थेट पाण्यावर पडायला लागलं, शेवाळ धरलं, म्हणून पाणी हिरवं. रोमनांनी ते हिरवं पाहिलेलंच नाही.

मोठ्या कुंडाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला गरम खोल्यांच्या रांगा आहेत. तिथे जमीन उचललेली असायची, खाली विटांच्या चकत्या रचून केलेले बुटके खुंट, बाजूला भट्टी, आणि त्या भट्टीची गरम हवा खुंटांमधून फिरून भिंतीतल्या पोकळ विटांतून वर जायची. कोमट खोली, मग कडक गरम खोली, तेल लावून घाम काढायचा, मळ खरवडायचा आणि शेवटी थंड पाण्याच्या गोल कुंडात उडी. ते खुंट आज उघडे रांगेत उभे आहेत आणि लहान मुलांना नेमके तेच आवडतात. हे सगळं रोमन साम्राज्यात सगळीकडे होतं. बाथचं वेगळेपण असं की मोठ्या कुंडाला लाकूड जाळावंच लागत नव्हतं.

आता जमिनीखाली चला, देवळाकडे. रोमन पातळी आजच्या रस्त्याच्या कित्येक फूट खाली आहे, त्यामुळे तुम्ही दुकानं, चौक आणि पंपरूम नावाच्या चहा-नाश्त्याच्या दालनाच्या खालून चालत असता. ही वास्तू शोधून काढायची म्हणून सुरुवातीला कुणी खणलंच नाही, ती अपघाताने तुकड्या-तुकड्यांनी वर आली. १७२७ मध्ये गटाराचं खोदकाम करणाऱ्या मजुरांना सोन्याचा मुलामा दिलेलं सुलिस मिनर्व्हाचं कांस्याचं मस्तक मिळालं. मुलाम्याचे सहा थर आहेत, म्हणजे मूर्ती पिढ्यानपिढ्या पुन्हा पुन्हा मढवली गेली. शिरस्त्राण वेगळं बसवलेलं होतं, ते हरवलंय. चेहऱ्यावर हनुवटीजवळ आणि कपाळावर खड्डे आहेत. काचेच्या पेटीत ते थोड्या अंधारात ठेवलंय. त्याच्यासमोर दोन मिनिटं तरी उभे राहा.

१७९० मध्ये आजच्या पंपरूमचा पाया खणताना देवळाच्या दर्शनी त्रिकोणी भागाचे दगड सापडले. मधोमध एक मोठा चेहरा आहे, केस आणि दाढी चारी बाजूंना ज्वाळांसारखी किंवा सापांसारखी पसरलेली. त्याला गॉर्गन म्हणतात, कारण मिनर्व्हाच्या ढालीवर गॉर्गनचं, म्हणजे मेडुसाचं डोकं असतं आणि जवळच तिचं घुबडही कोरलंय. पण मेडुसा बाई होती, आणि या चेहऱ्याला भरघोस मिशा आहेत. कुणी त्याला सागरदेव म्हणतात, कुणी सूर्याशी जोडतात. मला तो त्या दोन नावांच्या देवीसारखाच वाटतो: रोमन कल्पना आणि तिच्यात मिसळलेली इथल्या मातीतली नजर. त्या काळच्या ब्रिटनमध्ये अस्सल रोमन घाटाची देवळं आपल्याला दोनच माहीत आहेत, एक कोल्चेस्टरचं आणि दुसरं हे. देवळात अखंड अग्नी असायचा आणि त्याची राख न होता दगडासारखे गोळे व्हायचे, असं सोलिनस या तिसऱ्या शतकातल्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. तो जळता दगडी कोळसा असणार. बाथ ज्या परगण्यात आहे त्या सॉमरसेटमध्ये कोळसा आहेच.

झऱ्यात काय काय सापडलं याची यादी मोठी आहे: १२,००० हून अधिक नाणी, भांडी, अंगठ्यांतले कोरीव खडे, हस्तिदंतात कोरलेली स्तनांची प्रतिकृती. देवीला चांदीचे डोळे वाहणारे लोक आपण पाहिलेत, त्यामुळे ती प्रतिकृती कशासाठी वाहिली असेल हे आपल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. पण माझा सगळा जीव अडकलाय तो शिशाच्या पातळ पत्र्यांमध्ये. असे सुमारे १३० पत्रे इथे मिळाले, बहुतेक १९७९-८० मध्ये, बॅरी कनलिफ यांच्या उत्खननात. ते वाचायचं अवघड काम रॉजर टॉमलिन यांनी केलं. इंग्रज लोक त्यांना शाप म्हणतात. मी मराठी मंडळींना सांगताना गाऱ्हाणं हा शब्द वापरतो, आणि तो लगेच पोचतो. कोकणात चोरी झाली, अन्याय झाला की माणूस ग्रामदेवतेपुढे जाऊन गाऱ्हाणं घालतो. हे तेच आहे, फक्त पत्र्यावर कोरून, गुंडाळी करून झऱ्यात टाकलेलं.

डॉसिलियानस नावाचा माणूस, ब्रुसेरसचा मुलगा, परमपवित्र सुलिस देवीला सांगतो की माझा टोपीचा झगा ज्याने चोरला, तो पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला मरण दे. तो झगा तुझ्या देवळात आणून ठेवेपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, मुलंबाळं होऊ देऊ नकोस. डॉसिमेडिसचे दोन हातमोजे गेले, तर चोराची मती आणि डोळे जावेत असं त्याचं मागणं. सोलिनस नावाच्या (वर आलेला लेखक हा नव्हे) माणसाचे आंघोळीचे कपडे आणि झगा गेला. कुणाचा लोखंडी तवा गेला. मटुटिनाचा मुलगा अ‍ॅनियानस याच्या थैलीतली चांदीची ६ नाणी गेली, आणि तो चोराबद्दल लिहितो की तो पेगन (म्हणजे जुन्या देवांना मानणारा) असो वा ख्रिस्ती. ते वाक्य चौथ्या शतकातलं आहे. या बेटावर ख्रिस्ती धर्माचा उल्लेख असलेल्या सगळ्यात जुन्या मजकुरांत ते मोडतं, आणि तेही चोरीला गेलेल्या सहा नाण्यांमुळे आपल्यापर्यंत पोचलं.

एक पत्रा याहून आधीच, १८८० मध्ये सापडला होता. त्यात प्रत्येक शब्दाची अक्षरं उलटी लिहिली आहेत. विल्बियाला ज्याने माझ्यापासून नेलं तो पाण्यासारखा पातळ होवो, असं काहीसं म्हणून पुढे संशयितांची नावं. विल्बिया ही बाई की एखादी वस्तू, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

टॉमलिन यांच्या निरीक्षणातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की जवळजवळ प्रत्येक पत्र्याचं हस्ताक्षर वेगळं आहे. म्हणजे देवळाच्या दारात बसलेला एखादा लिहिणारा सगळ्यांसाठी लिहीत नव्हता, बहुतेक लोक आपापलं लिहीत होते. भाषा कायद्याच्या कागदासारखी: पुरुष वा स्त्री, गुलाम वा स्वतंत्र. ज्यांच्या घरी एक झगा गेला तर हिवाळा कसा काढायचा असा प्रश्न पडत असेल, अशी ही माणसं. सम्राटांचे पुतळे वरच्या गच्चीवर आहेत, आणि हे पत्रे खाली अंधाऱ्या दालनात एका भिंतीवर मांडलेले आहेत. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती उपक्रमाच्या ब्रिटनमधल्या यादीत त्यांचा समावेश झाला. बाबांना इतिहास आवडतो ना? मग तासभर इथे द्या, प्रत्येक पत्र्याचं भाषांतर शेजारी लिहिलेलं आहे.

याच दालनांमध्ये थडगी आणि वेदीचे दगड आहेत. ज्युलियस व्हिटॅलिस, विसाव्या पलटणीचा शस्त्रं बनवणारा कारागीर, मूळचा बेल्जिक टोळीचा, वय २९, नोकरी ९ वर्षं, आणि त्याच्या अंत्यसंस्काराचा खर्च शस्त्रकारांच्या संघाने केला. गायस कॅल्पर्नियस रिसेप्टस, सुलिसचा पुजारी, ७५ वर्षांचा होऊन वारला. दगड उभारला त्याची बायको ट्रिफोसा हिने, जी आधी त्याचीच गुलाम होती आणि पुढे मुक्त झाली. एवढ्या दोन ओळींतून एक अख्खा संसार दिसतो. ल्युशियस मार्सियस मेमर हा बळी दिलेल्या जनावराचं यकृत पाहून शकुन सांगणारा. त्याने देवीला वाहिलेल्या दगडावर त्याचा हुद्दा आधी तीनच अक्षरांत लिहिला होता, नंतर आणखी तीन अक्षरं बाजूला घुसवली आहेत. या लांबच्या मुलुखात त्या तीन अक्षरांचा अर्थ लोकांना कळत नसावा, म्हणून ती भर घातली असेल. शार्त्रचा पाथरवट प्रिस्कस, ट्रियरचा पेरेग्रिनस, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीतली माणसंही इथे येत होती.

पुढचं जरा भरभर सांगतो. चौथ्या शतकाच्या शेवटाकडे झऱ्यातली नाणी कमी होत जातात. पाचव्या शतकात रोमन राजवट निघून गेली, गटारं तुंबली, नदीचं पाणी आत येऊ लागलं, छत कोसळलं, देवळाचे दगड लोकांनी उचलून नेले. पडझड झालेल्या दगडी शहराचं आणि गरम पाण्याचं वर्णन करणारी एक जुनी इंग्रजी कविता आहे, ती बहुधा बाथवरच असावी असं मानतात. सातव्या शतकात इथे मठ आला, ९७३ मध्ये राजा एडगरचा राज्याभिषेक इथल्या मठाच्या चर्चमध्ये झाला. बाराव्या शतकात रोमन हौदाच्या डोक्यावरच किंग्ज बाथ नावाचं कुंड बांधलं गेलं. त्याच शतकात ब्लॅडड राजपुत्राची कथा लिहिली गेली. पुढे त्या कथेत भर पडत गेली: त्याला महारोग झाला, तो डुकरं राखू लागला, त्या डुकरांची कातडी गरम चिखलात लोळून बरी झाली, मग त्यानेही तेच केलं आणि शहर वसवलं. इतिहास म्हणून ती धरू नका, पण किंग्ज बाथच्या भिंतीत त्याची बसलेली मूर्ती दिसेल, तिच्यावर १६९९ साल आहे.

अठराव्या शतकात बाथ पुन्हा गजबजलं. बो नॅश याने इथल्या समारंभांना शिस्त लावली, राल्फ अ‍ॅलन याने टेकडीवरच्या खाणीतून मधाच्या रंगाचा दगड दिला, आणि जॉन वुड बाप-लेकांनी त्यातून सर्कस नावाचा गोल चौक आणि रॉयल क्रेसेंट ही घरांची रांग उभी केली. क्रेसेंट १७६७ ते १७७४ मधलं, चंद्रकोरीसारखी ३० घरं आणि ११४ खांब. सुंदर आहे, बघाच. पण चढ आहे, बाबांना टॅक्सीने न्या. या वैभवात वसाहतींचा आणि गुलामांच्या कष्टांचा पैसाही होता. बाथ अ‍ॅबी या इथल्या मोठ्या चर्चच्या भिंतींवर स्मारकांची दाटी आहे, त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले लोकही आहेत. आपण त्या भिंती वाचायला हव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात आपलाही इतिहास आहे.

आणि या सगळ्या काळात मोठं रोमन कुंड मात्र मातीखालीच होतं. १७५५ मध्ये पूर्वेकडचा थोडा भाग दिसला होता. शेवटी १८७८ च्या सुमारास किंग्ज बाथमधून पाणी गळतंय म्हणून शहराचे सर्वेक्षक मेजर चार्ल्स डेव्हिस तपास करायला लागले, आणि गळतीचा माग काढता काढता रोमन हौद आणि मोठं कुंड हाती लागलं. व्हिक्टोरियन लोकांवर राग धरू नये असं मला म्हणूनच वाटतं. वरचे खांब त्यांनी आपल्या आवडीने उभारले खरे, पण घरं पाडून, गाळ उपसून कुंड उघडं केलं तेही त्यांनीच.

पाण्यात उतरता का येत नाही? १९७८ मध्ये इथल्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा अमीबामुळे होणाऱ्या मेंदूच्या संसर्गाने मृत्यू झाला. त्यानंतर जुन्या कुंडांत उतरणं बंद झालं. मोठ्या कुंडातलं पाणी शुद्ध केलेलं नसतं, म्हणून हात घालू नका, मुलांनाही घालू देऊ नका. पिण्यासाठी आणि आंघोळीसाठी पुढे खोल कूपनलिका घेतल्या आणि त्या सुरक्षित पाण्यावर २००६ पासून थर्मे बाथ स्पा चालतं. गुडघ्यांसाठी बाबांना गरम पाण्यात बसायचंच असेल तर तिकडे आधी जागा राखून ठेवा. गच्चीवरच्या तलावातून शहर दिसतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. त्याने गुडघे बरे होतील असं मी सांगणार नाही, शेक मिळेल एवढं नक्की. झऱ्याचं पाणी पंपरूममध्ये प्यायला मिळतं, कोमट आणि लोखंडी चवीचं. पंपरूमच्या बाहेर कपाळपट्टीवर ग्रीक अक्षरं कोरलेली आहेत, त्यांचा अर्थ: पाणी सर्वांत श्रेष्ठ.

शहराला १९८७ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे, आणि २०२१ मध्ये युरोपातल्या ११ मोठ्या जलोपचार-नगरांमध्ये त्याची दुसऱ्यांदा नोंद झाली.

दिवसाची आखणी अशी करा. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून बाथ स्पा साधारण दीड तास, स्थानकापासून कुंड दहा मिनिटांच्या आत. तिकीट वेळेसह आधी काढा, सकाळची पहिली वेळ घ्या, शनिवार-रविवार टाळा. ऑडिओ गाइड तिकिटात येतो. गच्चीवर पाच मिनिटं पुरे. मग देवळाची दालनं, मस्तक, शापांचे पत्रे, आणि शेवटी कुंड. उलट क्रमाने गेलात तर पत्र्यांपाशी पोचेपर्यंत बाबा थकलेले असतील. जेवून अ‍ॅबी बघा. थंडीच्या दिवसांत तिथे जमिनीखालून ऊब येत असेल तर बाबांना जरूर सांगा की ती रोमन गटारातल्या गरम पाण्याची आहे. काही वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत त्या गटारात उष्णता घेणारी यंत्रणा बसवली आणि तिच्यावर आता चर्चची फरशी तापते.

आणि ती वाफाळणारी कमान विसरू नका. हौदातून जादा पाणी गटारात पडतं ती जागा, दगड नारिंगी झालेले, पाण्याचा आवाज मोठा. ऑडिओ गाइड तिथे कानावरून काढून ठेवा.